पानाच्या शिरा की पंखाच्या शिरा: आधी कोणते शब्द शिकावेत?

ठाणे-नवी मुंबईत निसर्गनोंदी ठेवायला लागला असाल, तर शिराविन्यासाचे, म्हणजे शिरांच्या मांडणीचे, शब्द पानांपासून शिका. कीटकांच्या पंखांची भाषा जास्त नेमकी आहे, पण तिथे एक शीर चुकली की पुढचं सगळं चुकतं.

पानांचे शब्द नक्षी सांगतात. आंब्याला एकच मध्यशीर आणि दोन्ही बाजूंना उपशिरा, म्हणून पिच्छाकृती. पपई, एरंड यांच्या मुख्य शिरा देठाच्या टोकापासूनच पंजासारख्या पसरतात, त्या हस्ताकृती. बोरीच्या पानात बुडापासूनच तीन ठळक शिरा निघतात. बांबू, ऊस समांतर. केळही समांतरच, पण तिच्या शिरा मध्यशिरेपासून कडेकडे धावतात. ‘एकदल म्हणजे समांतर’ हा शाळेतला नियम अळूवर मोडतो: अळू एकदल, शिरा मात्र जाळीदार. जांभळाचं पान दिव्यासमोर धरा, कडेलगत धावणारी शीर दिसेल. दहापट भिंग पुरतं. कोवळं पान टाळा, त्यात बारीक जाळी नीट उमटलेली नसते.

पंखांत प्रत्येक शिरेला स्वतःचं नाव आहे. पुढच्या कडेपासून कोस्टा, सबकोस्टा, रेडियस, मीडिया, क्युबिटस आणि मग अ‍ॅनल शिरा. ही पद्धत कॉमस्टॉक आणि नीडहॅम या अमेरिकी कीटकतज्ज्ञांनी 1898च्या सुमारास बसवली. सबकोस्टा बऱ्याच कीटकांत पुसट असते. ती सुटली की रेडियसलाच सबकोस्टा म्हटलं जातं आणि मागची सगळी नावं एकेक घर सरकतात.

म्हणून पंखांची सुरुवात चतुरापासून (ड्रॅगनफ्लाय) करावी. पुढच्या कडेच्या मधोमध किंचित खाच दिसते, ती नोडस. सबकोस्टा तिथेच संपते. टोकाजवळचा रंगीत कप्पा टेरोस्टिग्मा. पंखाच्या बुडाजवळ चतुराला त्रिकोणी कप्पा असतो, टाचणी या त्याच्या सडपातळ भावंडाला (डॅम्सेलफ्लाय) चौकोनी. घरमाशीची मीडिया टोकाजवळ कोन करून रेडियसच्या शाखेकडे वळते, तीही पटकन ओळखू येते. फुलपाखरू शेवटी घ्या, कारण खवल्यांखाली शिरा झाकतात. मेलेल्या फुलपाखराच्या पंखावर स्पिरिटचा थेंब टाकला, तर तो उडेपर्यंत शिरा स्पष्ट दिसतात.

ठाण्याचं येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथून पान काय, गळलेला पंखही उचलू नये. पानं सोसायटीच्या बागेतून घ्या, पंख जिन्यातल्या दिव्याखाली मिळतात. येऊरमध्ये फोटोच काढा, आणि कॅमेरा पंखाच्या अगदी समोर धरा: तिरक्या फोटोत पुढच्या कडेच्या तीन शिरा एकमेकींवर येतात आणि मोजणी तिथेच फसते.