२०१५चं संगीत: ‘कट्यार’ की ‘किल्ला’?

२०१५च्या या दोन मराठी चित्रपटांपैकी कुणाचं संगीत सरस, हा प्रश्न रत्नागिरीकडच्या माणसाला विचारलात तर दहापैकी नऊ जण ‘कट्यार काळजात घुसली’ म्हणतील, आणि त्यात नवल नाही. हा चित्रपट ज्यावर बेतला त्या १९६७च्या नाटकातलं जितेंद्र अभिषेकींचं संगीत इथल्या घराघरांत मुरलेलं आहे. अभिषेकीबुवा गोव्यातल्या मंगेशीचे, म्हणजे आपल्याच किनाऱ्याचे. चित्रपटाचे संगीतकार शंकर-एहसान-लॉय यांनी त्या जुन्या पदांना धक्का न लावता शेजारी नवी गाणी बसवली. ‘सूर निरागस हो’ आता गणपतीत हमखास ऐकू येतं. ‘अरुणी किरणी’साठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो अगदी रास्त.

तरीही माझं मत ‘किल्ला’ला. नरेन चंदावरकर आणि बेनेडिक्ट टेलर यांचं हे संगीत थिएटरमधून बाहेर पडताना गुणगुणता येत नाही, पण चित्रपटाचं संगीत म्हणून मला तेच जास्त पटतं. वडील गेलेले, आईची बदली झालेली, असा चिन्मय कोकणातल्या परक्या गावात येतो. मित्र पुढे निघून जातात आणि तो पावसात किल्ल्यावर एकटाच अडकतो, तो प्रसंग आठवा. तिथे सुरांनी त्याची भीती रंगवून सांगायची गरजच नव्हती. मृगापासून पाऊस ऐकत वाढलेल्या कानाला त्या सरींचा आवाज पुरेसा असतो, आणि संगीतकारांनी त्याला जागा दिली. हा संयम फार थोड्यांना जमतो.

‘कट्यार’ची गाणी चित्रपट न पाहताही पुरी पडतात. ‘किल्ला’ मात्र हेडफोन लावून, पडद्यासमोर बसूनच ऐका.