पंप बदलून नऊ महिने झाले: २४० डी, पॉवर स्टीअरिंग आणि तेलाची निवड

आमची मर्सिडीज २४० डी १९८३ची, डब्ल्यू १२३ मॉडेलची. बाबांनी १९९१ साली ती सेकंडहँड घेतली, तेव्हापासून दांडिया बाजारातल्या आमच्या दारात उभी असते. मार्चमध्ये तिचा पॉवर स्टीअरिंग पंप, म्हणजे तेलाच्या दाबानं स्टीअरिंग हलकं करणारा पंप, बदलला आणि त्यानंतर गाडी सुमारे पाच हजार किलोमीटर चालली. बडोद्याचा मे महिना, पावसाळा आणि सापुताऱ्याचा घाट असं सगळं झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

दुखणं पहिल्यांदा आईच्या लक्षात आलं. मागे बसलेली असताना म्हणाली, "अरे, वळताना गाडी कण्हतेय." हिवाळ्यात सकाळी गाडी थंड असताना आवाज यायचा आणि दहा मिनिटांत जायचा. पुढे रावपुऱ्यात पार्किंग करतानाही यायला लागला, स्टीअरिंग जड झालं आणि खाली अंथरलेल्या पुठ्ठ्यावर रोज लाल डाग दिसू लागला. तेल कमी झालं की पंप तेलाबरोबर हवाही ओढतो, स्टीअरिंगच्या तेलाच्या टाकीत फेस होतो. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. त्यामुळे फेसाळलेल्या तेलातून दाब तयार होत नाही आणि आतल्या पात्या कोरड्या घासायला लागतात. कण्हणं ते हेच.

एका गॅरेजमध्ये दाखवलं. "साहेब, तेल तो तेल छे, बधुं चाले," असं म्हणत तिथे हाताशी असलेलं तेल आणि गळती थांबवणाऱ्या औषधाची एक बाटली आत गेली. पंधरा दिवस गळती खरंच थांबली, मग दुप्पट झाली. ही औषधं रबरी सील फुगवून गळती अडवतात, पण झिजलेलं सील त्यानं परत नवं होत नाही, उलट मऊ पडतं. मला त्या वेळी ठामपणे नको म्हणता आलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

शेवटी पंप उतरवला. या गाडीत टाकी पंपाच्या डोक्यावरच बसते. झाकणावरचा विंग नट (दोन पंखांचा नट) फिरवला, स्प्रिंग काढली आणि खालून फिल्टर बाहेर आला. हा फिल्टर किती जणांनी कधी पाहिला असेल, शंकाच आहे. तो काळाकुट्ट होता. तळाशी साचलेला गाळ बोटांत चोळला तर रांगोळीत चमकी मिसळल्यासारखा रुपेरी दिसत होता. तो पात्यांचा आणि त्यांच्याभोवतीच्या रिंगचा चुरा. ते पाहिल्यावर नुसती सील बदलून पंप वाचवायचा विचार सोडून दिला.

पंप नवा घ्यावा की रिबिल्ट, म्हणजे जुना उघडून दुरुस्त केलेला? मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजारात दोन्ही मिळत होते आणि नव्याची किंमत दुपटीहून जास्त होती. मी नवा, झेडएफ या जर्मन कंपनीचा घेतला. रिबिल्ट वाईट असतो असं नाही, पण आतली रिंग बदललीय की फक्त सील, हे बाहेरून कळत नाही.

तेलावर मात्र मी पंपापेक्षा जास्त वेळ घालवला. या पिढीच्या गाड्यांना कंपनी सुरुवातीला एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल सांगत असे. पुढे पॉवर स्टीअरिंगचं वेगळं तेल सांगायला लागली, मर्सिडीजच्या २३६.३ या मंजुरी क्रमांकाचं. डेक्सरॉन दर्जाच्या एटीएफवर वर्षानुवर्षं चाललेल्या गाड्या मी पाहिल्यात, त्यामुळे ते चूक म्हणणार नाही. पण सीएचएफ नावाचं हिरवं सिंथेटिक हायड्रॉलिक तेल महाग आहे म्हणून चांगलंच असेल, असं समजून यात ओतू नका. ते त्याच्यासाठी बनवलेल्या गाड्यांचं. आणि ब्रेक ऑइल चुकूनही नको, त्यानं सीलची वाट लागते. मी २३६.३ घेतलं, डब्यावरचा आकडा स्वतः वाचून. गाडीत दीड लिटरच्या आतच मावतं, पण मी तीन लिटर आणलं. रिटर्नचा, म्हणजे तेल टाकीत परत आणणारा, पाइप बाटलीत सोडून जुनं तेल पूर्ण निघेपर्यंत नवं ओतत राहिलो. जुन्या घाणीत नवा पंप बसवणं म्हणजे त्याचं आयुष्य पहिल्याच दिवशी कमी करणं.

हवा काढताना घाई करू नका. पुढची चाकं जॅकवर उचलली, इंजिन बंद ठेवलं आणि स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश वीसेक वेळा फिरवलं. मुलगा टाकीतले बुडबुडे बघून सांगत होता आणि मध्येमध्ये तेल घालत होता. त्यानंतरच इंजिन चालू केलं. तरीही आवाज आला! नवा पंप, नवं तेल आणि तेच कण्हणं; त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सापडलं: रिटर्नचा जुना रबरी पाइप वाकवला की बारीक भेगा उघडत होत्या आणि क्लॅम्पपाशी हवा आत जात होती. पाइप आणि दोन्ही क्लॅम्प नवे घातले, पंप सरकवून पट्टा पुन्हा ताणला, आणि आवाज बंद झाला. पंपाबरोबरच तो पाइप बदलायला हवा होता.

मे महिन्यात भर दुपारच्या गर्दीतही स्टीअरिंग हलकंच राहिलं. दिवाळीत सापुताऱ्यावरून वणीच्या देवीला गेलो. नांदुरीच्या घाटात एकामागून एक वळणं होती, तिथेही एकदाही जडपणा जाणवला नाही. एक सवय मात्र लावून घेतलीय: स्टीअरिंग पूर्ण टोकाला नेऊन दाबून धरायचं नाही. तिथे दाब कमाल होतो, झडप उघडते आणि तेल भराभर तापतं.

तक्रार एकच उरलीय. स्टीअरिंग बॉक्सच्या खालच्या शाफ्टचं सील ओलसर राहतं. थेंब पडत नाही, पण बोट लावलं की तेल लागतं. नऊ महिन्यांत टाकीत साधारण दोन चमचे तेल घालावं लागलं. हे सील मूळचं जुनं आहे, पंपाचा दोष नाही. जानेवारीत ते बदलणार आहे आणि त्याच वेळी फिल्टरही नवा घालणार आहे. यावेळी तळाशी चमकी दिसते का, ते बघायचंय.