गूगल डॉक्सचा वर्ड काउंट : मराठीत लिहिणाऱ्यांनी कसा वापरावा

जून ते ऑगस्ट म्हणजे आमच्याकडे दिवाळी अंकांचे लेख पाठवायचे दिवस, आणि या तीन महिन्यांत मी सगळ्यात जास्त वेळा काही बघत असेन तर तो स्क्रीनच्या खाली डावीकडे असलेला छोटासा चौकोन, किती शब्द झाले ते दाखवणारा. मी गेली बरीच वर्षं अनुवाद करते, मधूनमधून लेख लिहिते, सगळं गूगल डॉक्समध्येच. त्यातल्या या एका सोयीबद्दल मराठीत कुणी नीट लिहिलेलं मला सापडलं नाही म्हणून हे लिहितेय.

आधी सरळ सांगते, सोय चांगली आहे, फुकट आहे आणि मराठीला व्यवस्थित चालते. फक्त तो आकडा नेमकं काय मोजतो आणि काय सोडून देतो हे माहीत असायला हवं, नाहीतर संपादकाशी नाहीतर पैशाच्या हिशोबात घोळ होतो.

कसं बघायचं ते पटकन सांगते. लॅपटॉपवर वरच्या टूल्स मेनूत वर्ड काउंट, किंवा सरळ कंट्रोल शिफ्ट सी दाबायचं, मॅकवाल्यांनी कंट्रोलच्या जागी कमांड. एक खिडकी उघडते त्यात पानं, शब्द, कॅरॅक्टर आणि स्पेस सोडून कॅरॅक्टर असे चार आकडे येतात. त्याच खिडकीत खाली टाइप करताना आकडा दाखवत राहा अशी एक टिक आहे, ती करून टाका म्हणजे तो चौकोन कायम समोर राहतो. फोनवर उजवीकडच्या तीन टिंबांत जाऊन वर्ड काउंट निवडायचं. झालं एवढंच.

मला यातलं सगळ्यात जास्त कामाचं वाटतं ते म्हणजे सिलेक्ट करून मोजणं. समजा १५०० शब्दांचा लेख आहे आणि सुरुवातच लांबलीय असं वाटतंय, तर तेवढा भाग सिलेक्ट करायचा आणि कंट्रोल शिफ्ट सी, की तेवढ्या भागाचे शब्द आणि एकूण शब्द दोन्ही एकत्र दिसतात. मागच्या वर्षी माझ्या एका लेखात नुसत्या प्रस्तावनेतच ४३० शब्द गेले होते, हे असं मोजलं म्हणून कळलं, वाचताना अजिबात जाणवलं नव्हतं. ती दीडशेवर आणली आणि लेख एकदम हलका झाला.

आता आकडा काय सोडतो ते. हेडर, फुटर आणि तळटीपा यात मोजल्या जात नाहीत, हे गूगलच्या मदतीच्या पानावरच लिहिलेलं आहे. ललित लेखाला काही फरक पडत नाही पण संशोधनाचं लिहिणाऱ्यांनी, एमए पीएचडीच्या मुलामुलींनी हे ध्यानात ठेवायलाच हवं, कारण इतिहासाच्या निबंधात तळटीपाच पाचसहाशे शब्दांच्या असू शकतात. तळटीपा धरून मर्यादा आहे का सोडून, हे गाइडला आधी विचारून घ्या आणि धरून असेल तर त्या एका वेगळ्या डॉकमध्ये पेस्ट करून मोजा. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये वर्ड काउंटच्या खिडकीतच तळटीपा धरायच्या का नाही याची टिक असते, तेवढ्या बाबतीत ते पुढे आहे आणि डॉक्सनेही हे द्यावं असं मला मनापासून वाटतं.

आणि आता खरा मराठीचा मुद्दा. कॉम्प्युटरला शब्द म्हणजे ढोबळमानाने दोन स्पेसमधला तुकडा. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं जोडून लिहितात, घरासमोर, माझ्याबरोबर, स्टेशनपर्यंत, त्याच्याऐवजी, हे सगळे एकेकच शब्द. पण आता खूप जण घरा समोर, माझ्या बरोबर असं तोडून लिहितात, मग तेच वाक्य, तोच अर्थ आणि शब्द मात्र जास्त. मी एकदा एका ओळखीच्या मुलीचा लेख तपासला, शुद्धलेखन दुरुस्त करता करता एकही शब्द न कापता तिचे जवळजवळ साठ शब्द कमी झाले, फक्त तोडलेले शब्द जोडून. ती घाबरली की ताई तुम्ही काय काय उडवलंत! तेव्हा लेख मर्यादेत बसवायचा असेल तर आधी शुद्धलेखन करा मग शब्द मोजा, उलट्या क्रमाने केलं तर दोनदा काम होतं.

हाच प्रकार अनुवादाच्या पैशात फार महत्त्वाचा आहे आणि इथे माझं नुकसान झालेलं आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. इंग्रजीत जे पाच शब्दांत येतं, म्हणजे इन फ्रंट ऑफ द हाउस, ते आपलं घरासमोर, एक शब्द. त्यामुळे इंग्रजीतून मराठीत आणलं की शब्द हमखास कमी होतात. सुरुवातीच्या काळात एका एजन्सीने मला ३२०० शब्दांचं इंग्रजी मॅन्युअल दिलं, दर शब्दाला दीड रुपया ठरला, पण शब्द कुठले, मूळचे का अनुवादाचे, हे मी विचारलंच नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. मराठी झालं साधारण २५०० शब्द आणि पैसे तेवढ्याचेच आले. म्हणजे हजार रुपयांच्या वर गेले, आणि काम तर ३२०० शब्दांचंच केलं होतं ना, वाचायचं तेवढंच, समजून घ्यायचं तेवढंच. तेव्हापासून काम घेतानाच मूळ इंग्रजी फाइल डॉक्समध्ये उघडते, वर्ड काउंटच्या खिडकीचा स्क्रीनशॉट काढते आणि मेलमध्ये लिहिते की दर मूळ मजकुराच्या या आकड्यावर राहील. नव्याने अनुवादात येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की हे पहिल्या मेलमध्येच करा, नंतर बोलायला फार अवघड जातं.

कॅरॅक्टरच्या आकड्यावर मात्र मराठीत विसंबू नका. कॅरॅक्टर म्हणजे आपलं अक्षर नव्हे. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर आणि फोन सगळ्या भाषांची अक्षरं ज्या पद्धतीने साठवतात त्यात, मात्रा, वेलांटी, उकार, हलन्त सगळं वेगवेगळं धरतात. पुणे हा शब्द आपल्याला दोन अक्षरी पण तिथे प, उकार, ण, मात्रा असे चार होतात. लक्ष्मी रोडमधल्या लक्ष्मीची आपल्या मते दोन अक्षरं, तिथे सात. मराठी एसेमेस तर ७० कॅरॅक्टरमध्येच संपतो, इंग्रजीला १६० मिळतात, आणि त्या सत्तरातही मात्रा वेलांट्या धरलेल्या असतात. कुणी फॉर्ममध्ये ५०० कॅरॅक्टरची मर्यादा दिली असेल तर मराठीत पाचशे अक्षरं बसतील असं समजून बसू नका, बरीच कमी बसतात.

पानांचंही तसंच. फॉन्ट बदलला, साइज बारावरून चौदा केला की पानं बदलतात, आणि डॉक पेजलेस, म्हणजे पानं न पाडता सलग, करून ठेवलं असेल तर पानं हा प्रकारच राहत नाही. आमच्याकडे अजूनही काही संपादक फोनवर चार पानं द्या म्हणतात, मी प्रत्येक वेळी विचारते की सर शब्द किती, आणि मग ते सांगतातही, हजार बाराशे.

एक चूक मी सुरुवातीला केली ती तुम्ही करू नका. शब्द मोजून देतो म्हणणाऱ्या फुकटच्या वेबसाइट खूप आहेत, त्यातल्या एकीवर मी मराठी परिच्छेद टाकला तर ११० शब्दांचे तीनशेच्या वर दाखवले. ज्यांचा प्रोग्रॅम फक्त इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेला असतो त्याला मात्रा, वेलांटी अक्षराचा भाग वाटत नाही, तिथे तो शब्द तोडतो. शंका आली की पन्नास शब्द हाताने मोजून बघायचे. डॉक्समध्ये मी असं कितीदा तरी ताडून पाहिलंय, दरवेळी बरोबर आलंय. आणि पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास डीटीपीवाल्यांकडून, म्हणजे छपाईसाठी मजकूर टाइप करून देणाऱ्यांकडून, जुन्या फॉन्टमधली फाइल आणली असेल तर आधी ती युनिकोड करून घ्या, नाहीतर डॉक्समध्ये उघडल्यावर इंग्रजी चिन्हांचा नुसता गिचमिड काला दिसतो, तो मोजून उपयोग नाही.

आता बाबांचं सांगते कारण हे लिहायला खरं तर तेच कारण झाले. बाबा ७८ वर्षांचे आहेत, कोथरूडला आमच्याबरोबरच राहतात, आयुष्यभर फुलस्केपवर लिहिलं. त्यांची मोजायची पद्धत म्हणजे दहा ओळींतले शब्द मोजायचे, सरासरी काढायची, गुणिले ओळी, गुणिले पानं, आणि मग पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा लिहून त्याला गोल करायचा. यंदा त्यांच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या अंकासाठी पानशेतच्या पुरावर लिहायचं ठरलं, १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा बाबा शाळकरी होते, नारायण पेठेत राहायचे. मर्यादा ८०० शब्द. हात थरथरतो म्हणून मी त्यांना फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाखवला, डॉक उघडून दिलं आणि ते बोलायला लागले. विरामचिन्हं मी नंतर घातली, नावं थोडी दुरुस्त केली, बाकी मजकूर त्यांचाच.

पहिल्या झटक्यात १४६० झाले. बाबांना पटेचना, म्हणाले, "अगं एवढं कुठे बोललो मी, परत मोज." मग लॅपटॉपवर एकेक परिच्छेद सिलेक्ट करून त्यांना आकडे दाखवले. वाड्यातल्या माणसांचं वर्णन ३९० शब्द, पाणी चढत होतं ते २१०, आणि पाणी ओसरल्यावरचा चिखल, आजीची ट्रंक, भिजलेली पुस्तकं गच्चीवर वाळत घातली ते सगळं फक्त ९५ शब्द. बाबा बराच वेळ त्या पंच्याण्णवकडे बघत राहिले. मग म्हणाले की वाड्यातली माणसं कमी कर, ट्रंकेचं मी अजून सांगतो.

दोन दिवस बसलो आम्ही त्यावर. मी वाचायचे, ते कापा म्हणायचे, कोपऱ्यातला आकडा खाली यायचा, परत ट्रंकेमुळे वर जायचा. ट्रंकेतलं आजीचं लुगडं, त्यात गुंडाळलेले फोटो, हे मला आजवर माहीतच नव्हतं. शेवटी ७९६ वर थांबलो. प्रिंट काढून आणली तर बाबांनी पेन्सिल मागितली, पहिल्या पानाच्या कोपऱ्यात ७९६ लिहिलं आणि गोल केला.