मुंग्यांचं ॲक्रिलिक घर: कोल्हापूरच्या पावसाळ्यात वापरून झाल्यावर

सुरुवातीलाच सांगतो, किट चांगलंय, पण ज्या कामासाठी म्हणून ते विकायलेत त्या कामाचं नाही. जाहिरातीत लिहिलंय की राणी आत सोडा आणि कॉलनी वाढताना बघा, आणि नेमकं तेच करायचं नाही. ज्याच्याकडं टेस्टट्यूबमध्ये वाढवलेली, निदान वीस-पंचवीस कामकरी मुंग्यांची कॉलनी तयार आहे त्यानं बिनधास्त घ्यावं, ज्याच्याकडं अजून राणीच नाही त्यानं हे पैसे सध्या खिशातच ठेवावेत.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असली किटं आता ऑनलाइन बऱ्याच ठिकाणी वेगवेगळ्या नावानं मिळतात आणि डिझाइन थोड्याफार फरकानं तेच असतं. मला २,००० च्या आसपास पडलं, राजारामपुरीत आठवड्याच्या आत घरपोच आलं, पॅकिंग एकदम व्यवस्थित, ॲक्रिलिकवर एक चरा नव्हता. एक वहीच्या आकाराचं पारदर्शक घर, त्यात लहानमोठ्या खोल्या आणि त्यांना जोडणारे बोळ, वरून लाल फिल्म (मुंग्यांना लाल उजेड फारसा दिसत नाही, त्यांच्या दृष्टीनं आत अंधारच असतो), एका बाजूला पाण्याचा स्पंज आणि नळीनं जोडलेली एक मोकळी पेटी, तिला अरीना म्हणतात, म्हणजे मुंग्यांचं अंगण म्हणा. शिवाय ड्रॉपर, चिमटा, एक छोटी खाण्याची वाटी आणि एक माहितीपुस्तिका. पुस्तिकेवर पुढं येतो कारण खरा राग तिच्यावरच आहे.

माझ्याकडं आहेत ते आपले नेहमीचे मोठे काळे मुंगळे, शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. सुरुवात करणाऱ्याला आपल्याकडं याच्याइतकी चांगली जात नाही, मोठे असल्यामुळं सगळं साध्या डोळ्यांनी दिसतं आणि राणी दणकट असते. राणी विकत घ्यायची गरजच नाही. वळीव किंवा जूनचा पहिला पाऊस पडून उघडला की संध्याकाळी रंकाळ्याच्या कडेनं नाहीतर युनिव्हर्सिटीच्या रस्त्यानं दिव्यांखाली बघत चालायचं. पंख टाकून दिलेली, जाडजूड, एकटीच घाईघाईनं जागा हुडकत फिरणारी मुंगी दिसली तर ती बहुतेक राणीच. एक मात्र ध्यानात ठेवा, दिव्याभोवती ढिगानं जे पडतात ते पुष्कळदा वाळवीचे पंखवाले किडे असतात आणि लोक तेच डबीत भरून घरी नेतात. वाळवीचे चारी पंख सारख्या लांबीचे, कंबर जवळपास नाहीच आणि मिशा सरळ, मुंगीचे पुढचे पंख मागच्यापेक्षा मोठे, कंबर एकदम बारीक आणि मिशा कोपरात वाकल्यागत. एवढं बघितलं तरी चुकत नाही.

राणी मिळाली की टेस्टट्यूब. १५-१६ मिलिमीटर रुंद, १५० मिलिमीटर लांब काचेची नळी, लॅबचं सामान ठेवणाऱ्या दुकानात अगदी थोड्या पैशात मिळते. तिसरा हिस्सा पाणी, त्याला टेकेल असा कापसाचा घट्ट बोळा, मग राणी, मग तोंडाला सैलसर बोळा, आणि सगळं कपाटात अंधारात. बास. या जातीची राणी पहिले कामकरी निघेपर्यंत काही खातच नाही, पंखांचे जे स्नायू आता तिला लागणार नाहीत ते आणि अंगातली चरबी जिरवून त्यावरच ती पहिल्या अळ्या पोसते, त्यामुळं रोज उघडून बघायचं, साखर घालायची, फोटो काढायचे हे सगळं तिच्या जिवावर येतं. जून-जुलैच्या आपल्या हवेत अंड्यापासून मुंगी व्हायला महिना-दीड महिना जातो. तेवढा दम धरता आला पाहिजे.

आता पुस्तिका. त्यात सरळ लिहिलंय की पकडलेली राणी घराच्या सगळ्यात मोठ्या खोलीत सोडा आणि रोज साखरपाणी द्या. बाबांनो, एकट्या राणीला जमिनीखाली स्वतःपुरती एक बंद बिळासारखी खोली लागते, चारी बाजूंनी अंगाला भिंत लागेल एवढी. तिला एवढ्या मोठ्या घरात सोडलं की ती कोपऱ्याकोपऱ्यात फिरत बसते, अंडी घातलीच तर हादऱ्यानं आणि उजेडानं घाबरून तीच खाऊन टाकते, आणि रोजचं साखरपाणी तिथंच सांडून त्याला बुरशी धरते. लहान पोरं पहिल्यांदाच घेतात हे किट, पुस्तिकेत लिहिलंय तसं करतात आणि राणी मेली की त्यांना वाटतं आपल्याला जमलं नाही. मला हे मनापासून लागतं. पुस्तिकेचं एक पान बदललं तरी किती राण्या वाचतील.

पण कॉलनी तयार असेल तर हेच किट काय दाखवतं ते सांगतो. माझी ट्यूब कामकऱ्यांनी भरली तेव्हा ती अरीनाला जोडली, घरावर लाल फिल्म होतीच, तिच्यावर जाड पुठ्ठा टाकला आणि ट्यूबवरचं झाकण काढून तिला उजेडात ठेवलं. चिमट्यानं हलवायचं नाही, ओतायचं तर अजिबात नाही, त्या आपण होऊन जातात. आधी एक कामकरी बाहेर आली, मिशांनी प्रत्येक भिंत चाचपत नळीतून घरात गेली, परत ट्यूबमध्ये जाऊन दुसऱ्यांना मिशा लावल्या, मग दोन आल्या, मग चार, आणि रात्री उशिरा बघतो तर एकेक कामकरी तोंडात कोष धरून निघालीय, कोष तिच्या पोटाएवढा, आणि डोकं वर उचलून तो कुठं आपटू न देता चालायलीय. राणी सगळ्यात शेवटी. सगळं बिऱ्हाड गेल्यावर एक कामकरी परत रिकाम्या ट्यूबमध्ये येऊन शेवटच्या बोळ्यापर्यंत फिरून गेली, राहिलं काय बघायला आल्यासारखी.

ॲक्रिलिक इतकं स्वच्छ आहे की मोबाईलच्या कॅमेऱ्याला साधी मॅक्रो लेन्स लावली तरी तोंडातून तोंडात खाणं देताना दिसतं. पूर्ण वाढलेल्या मुंगीला घट्ट काही गिळता येत नाही, ती फक्त पातळ पिते आणि पोटातल्या एका पिशवीत साठवून घरात येऊन वाटते, घट्ट तुकडे मात्र अळ्यांसमोर ठेवले जातात. साखरपाणी पिऊन आलेल्या मुंगळ्याचं पोट इतकं ताणतं की काळ्या पट्ट्यांच्या मधल्या फटी पांढुरक्या दिसायला लागतात, आणि तासाभरात ते पोट उतरतं आणि बाकीच्यांची चढतात. कोषातून निघणारी नवी मुंगी सुद्धा या घरात पहिल्यांदा नीट बघितली, बाकीच्या कोष कुरतडून तिला ओढून बाहेर काढतात, रंग फिक्का, पाय लटपटते, आणि मग दिवसागणिक काळी होत जाते. एवढ्यासाठी २,००० वसूल झाले म्हणेन.

आता पावसाळा. जुलैत आपल्याकडं भिंतीसुद्धा ओल धरतात, आणि ॲक्रिलिक पाणी शोषत नाही, त्यामुळं स्पंज भिजवला की रात्री गारवा पडल्यावर वरच्या झाकणाला आतून थेंब धरतात. सकाळी बघावं तर आतलं काहीच दिसत नाही आणि थेंब मोठे झाले की अंड्या-अळ्यांवर पडायचा धोका. त्यावर उपाय एकच, पावसाळ्यात स्पंज कोरडाच ठेवायचा आणि अरीनात पाण्याची वेगळी ट्यूब बोळा लावून ठेवायची, प्यायला तेवढं पुरतं. या मुंगळ्यांना फार ओलं घर लागतही नाही, उन्हाळ्यात मात्र एका बाजूचा स्पंज ओला पाहिजेच. आणि स्पंजची जागा अशी दिलीय की तो काढून धुवायला जाळी उचकावी लागते, हे डिझाइन मला अजिबात पटलं नाही.

दुसरी गोष्ट अरीनाचं झाकण. ते एका कोपऱ्यात बसत नाही, पहिल्या पिढीच्या कामकरी फार बारीक असतात आणि त्या फटीतून आरामात निघतात. उद्यमनगरात काम करणाऱ्या मित्रानं ते घासून बसवून दिलं, पण गिऱ्हाइकानं हे का करायचं? शिवाय पेटीच्या वरच्या कडेला आतून जी निसरडी पट्टी लागते ती किटमध्ये दिलेलीच नाही. बाहेरचे लोक फ्लुऑन म्हणून एक द्रव लावतात, आपल्याकडं टाल्कम पावडर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कालवून कापसानं फिरवली की वाळल्यावर मुंगीचा पाय तिथं टिकत नाही. दमट हवेत ही पट्टी लवकर निकामी होते, म्हणून पावसाळाभर ती पुन्हा पुन्हा लावावी लागते. लावताना पेटी मुंग्यांपासून वेगळी करा आणि अल्कोहोलचा वास पूर्ण उडाल्याशिवाय परत जोडू नका.

आईचा पहिला प्रश्न हाच होता, घरात सुटल्या तर? सुटलेल्या कामकरीला राणीशिवाय नवीन कॉलनी करता येत नाही, चार-दोन बाहेर पडल्या तर त्या थोड्या दिवसांत मरतात, घर पोखरत नाहीत. आता आईच सकाळी पेटीसमोर चहाचा कप घेऊन उभी असते आणि म्हणते, अरे ती बघ, कचरा टाकायला निघाली. खरंच आहे, त्या मेलेल्या मुंग्या आणि खाऊन उरलेलं सगळं अरीनाच्या एकाच कोपऱ्यात नेऊन टाकतात, आपण फक्त तो कोपरा चिमट्यानं साफ करायचा.

खाण्याबद्दल पुस्तिकेत फक्त साखर आहे. साखरेवर कामकरी जगतात, पण अळ्या वाढायला आणि राणीला अंडी घालायला प्रोटीन लागतं, ते नसेल तर कॉलनी आहे तेवढीच राहते. उकडलेल्या अंड्याचा कण, नाकतोडा, झुरळ, काहीही चालतं, फक्त गरम पाण्यातून काढून द्या आणि फवारा मारलेलं झुरळ चुकूनही देऊ नका. मुंग्यांचा खडू ज्या खोलीत वापरता तिथं ही पेटी ठेवायचीच नाही. आपल्या गुळाचं पाणी पण दिलं, साखरेपेक्षा जास्त गर्दी झाली, पण ते लवकर आंबतं म्हणून संध्याकाळी दिलेलं सकाळी काढून टाकायचं.

निळ्या जेलनं भरलेलं मुंग्यांचं घर घ्यावं का असं बरेच जण विचारतात. ते जेल २००३ च्या कोलंबिया अंतराळयानातल्या मुंग्यांच्या प्रयोगावरून आलं, बोगदे दिसायला छान दिसतात, पण जेलमध्ये अळ्यांना लागणारं प्रोटीन नाही आणि राणीविना चार कामकरी त्यात टाकून त्या मरेपर्यंत बघायचं याला मी मुंग्या पाळणं म्हणणार नाही. पैसे वाचवायचे असतील तर एएसी ब्लॉक (भिंतीला वापरतात तो हलका, छिद्राछिद्रांचा ब्लॉक) बघा, बांधकामावर तुटलेले तुकडे पडलेले असतात, मागितले की देतात. स्क्रूड्रायव्हरनं खोल्या कोरायच्या, वर काच बसवायची. तो पाणी शोषतो आणि हळूहळू सोडतो, थेंब धरत नाही, आणि खरं सांगायचं तर कोल्हापूरच्या जुलैला ॲक्रिलिकपेक्षा तोच बरा. फक्त कडेनं दिसत नाही, वरूनच बघायचं. आंब्याच्या झाडावरचे पानं शिवणारे लाल मुंगळे मात्र दोन्हीत घालू नका, ते अळ्यांच्या रेशमानं पानं जोडून घर करतात, त्यांना झाडच पाहिजे.

आणि हात जोडून सांगतो, बाहेरच्या देशातल्या राण्या कुणी ऑनलाइन विकत असेल तर घेऊ नका. २०२५ मध्ये केनियात दोन बेल्जियन तरुण सुमारे ५,००० मुंग्यांसकट सापडले, बऱ्याचशा राण्याच, टेस्टट्यूबमध्ये कापूस लावून भरलेल्या, आणि कोर्टानं प्रत्येकी ७,७०० डॉलरच्या आसपास दंड केला. जिथून एवढ्या राण्या जातात तिथल्या जमिनीचं काय होतं याचा विचार करा, आणि त्या इथं सुटल्या तर आपल्या मुंग्यांचं काय होईल याचाही. राणी म्हणजे दोन दिवसांचा किडा नव्हे, युरोपातल्या लॅसियस नायगर या काळ्या मुंगीची एक राणी माणसाच्या देखरेखीखाली २८ वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे. आपली राणी पण वर्षानुवर्षं जगू शकते, तेवढी तयारी ठेवूनच तिला उचलायची, आणि एका वेळी एकच.

सर्व्हिसबद्दल, व्हॉट्सॲपवर उत्तर लगेच देतात आणि बोलायला चांगले आहेत. झाकणाचा फोटो पाठवला तर दुसरं पाठवतो म्हणाले, आलं पण, तेही त्याच कोपऱ्यात उचललेलं. टेस्टट्यूब जोडायचा अडॅप्टर नाहीये हेही कळवलंय, सध्या नळीला कापूस गुंडाळून ट्यूबच्या तोंडात बसवावी लागते आणि ते रोज तपासावं लागतं. पुस्तिकेतलं राणीचं पान बदला म्हणून मी सविस्तर मराठीत लिहून पाठवलंय, त्यावर अजून काही उत्तर नाही. घराला पाचपैकी चार, अरीनाला दोन, पुस्तिकेला शून्य. कोल्हापुरात कुणी पहिल्यांदा करणार असेल तर ट्यूब कशी भरायची ते दाखवायला मी येईन, पुढचा वळीव पडायच्या आत कळवा.