डूम इटर्नल : गोळीआधी हिशेब

१३ मे २०१६ रोजी आलेला ‘डूम’ हा राक्षसांवर गोळ्या झाडण्याचा व्हिडिओ गेम मी जळगावात ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत संपवला होता. त्याचा पुढचा भाग ‘डूम इटर्नल’ २० मार्च २०२० रोजी आला आणि चारच दिवसांनी टाळेबंदी जाहीर झाल्याने त्यासाठी वेळच वेळ मिळाला. दोन्ही गेम इड सॉफ्टवेअरचे, नायक तोच, संगीतही मिक गॉर्डनचेच; तरीही पहिल्या भागाच्या सवयी घेऊन दुसऱ्यात उतरणारा खेळाडू तासाभरातच मार खातो, आणि माझेही तेच झाले.

मुळात फरक आहे तो गोळ्यांचा. पहिल्या भागात सुपर शॉटगन एकदा हाती आली की बराचसा गेम तिच्याच भरवशावर निघून जातो, आणि पिस्तुलाच्या गोळ्या तर कधी संपतच नाहीत. ‘इटर्नल’मध्ये ते पिस्तूलच काढून टाकले आहे आणि शॉटगनसाठी सुरुवातीला जेमतेम १६ काडतुसे जवळ बाळगता येतात. ती संपली की एखादा किरकोळ राक्षस करवतीने कापून गोळ्या मिळवायच्या, डळमळू लागलेल्याला हातानेच संपवून जीव भरून घ्यायचा, आणि खांद्यावरच्या ज्वालायंत्राने पेटवलेल्यावर गोळ्या झाडून चिलखत कमवायचे. करवत पहिल्या भागातही होती, परंतु तिचे इंधन शोधावे लागे, म्हणून ती बड्या राक्षसासाठी राखून ठेवली जाई; येथे एका कापणीपुरते इंधन आपोआप भरत असल्याने ती सतत लागणारी वस्तू झाली आहे. वीज किती वाजता येणार आणि किती तास टिकणार हे डोक्यात ठेवून केळीला पाणी देणाऱ्या रावेरकडच्या शेतकऱ्याला हा हिशेब नवा वाटणार नाही.

अमळनेरचा माझा मामेभाऊ दोन संध्याकाळी खेळून म्हणाला, “दादा, हाई गेम शे का परीक्षा शे?” त्याची तक्रार अगदीच खोटी नाही. कॅकोडेमनच्या तोंडात बॉम्ब टाकावा, अरॅक्नोट्रॉनच्या पाठीवरची तोफ आधी फोडावी, असे प्रत्येक राक्षसाचे उत्तर गेमने ठरवून दिलेले आहे आणि ते सांगण्यासाठी तो पडद्यावर सूचनाही झळकवतो. मात्र ही उत्तरे बोटांत बसली, हवेतल्या हवेत झेप घेण्याची नवी सोय आणि सुपर शॉटगनला जोडलेला, राक्षसाला अडकवून आपल्याला त्याच्याकडे खेचून नेणारा आकडा हाताशी आला, की जी लढाई सुरू होते तिच्यापुढे पहिला भाग खरोखरच संथ वाटतो. माझ्या बाबतीत हे पाचव्या-सहाव्या तासाला घडले. तेवढा धीर सर्वांजवळ असेलच असे नाही.

मरॉडर हा शत्रू मात्र मला आजही पटलेला नाही. समोरून झाडलेल्या गोळ्या तो ढालीवर घेतो, दूर गेलो तर कुऱ्हाडीचे वार फेकतो, जवळ गेलो तर शॉटगन चालवतो, आणि मधल्या अंतरावर त्याचे डोळे हिरवे चमकतात तेवढ्या क्षणातच त्याला इजा होते. थांबलात की मेलात, हे शिकवणाऱ्या गेमने ताटकळत उभे राहायला लावावे, हे विचित्रच. जांभळ्या चिखलाच्या जागांनाही हाच दोष लागतो, कारण तेथे ना उडी मारता येते, ना झेप घेता येते.

कथेत पहिला भाग सरळ वरचढ आहे. मंगळावरचे एक केंद्र, एक कंपनी, आणि कोणी समजावू लागला की पडदा फोडून टाकणारा नायक, एवढ्यावर सगळे भागते. ‘इटर्नल’मध्ये राजे, देवदूतांसारखे मेकर आणि जुनी युद्धे यांची इतकी गर्दी आहे की मी कोडेक्सची, म्हणजे गेममध्ये सापडणारी कथेच्या माहितीची पाने वाचणे लवकरच सोडून दिले. स्वतः नकाशे रचण्याची स्नॅपमॅपची सोयही गेली. खेळाडूंनी एकमेकांशी लढण्याच्या जुन्या प्रकाराच्या जागी आलेल्या, दोन खेळाडूंविरुद्ध एक अशा बॅटलमोडमध्येही माझे मन रमले नाही.

तांत्रिक बाजूने मात्र नवा भाग चोख निघाला. त्याच जुन्या ग्राफिक्स कार्डावर तो २०१६च्या गेमपेक्षा सुरळीत चालला, अर्थात रात्री अकरानंतर. मे महिन्यातल्या जळगावच्या दुपारी संगणकाचा पंखा नायकाच्या आधी हार मानतो. यांतला एकही गेम ज्याने खेळलेला नाही, त्याने २०१६च्याच भागाने सुरुवात करावी आणि तो संपल्यावर लगेच दुसरा न उघडता महिनाभर थांबावे, म्हणजे पिस्तुलाची सवय सुटलेली असेल.