गच्चीवरचा सोलरचा पाइप: रंग, फोम की पत्रा?

सोलर वॉटर हीटर घेताना टाकीची आणि काचेच्या नळ्यांची चौकशी सगळे करतात. टाकीतून खाली येणारा सीपीव्हीसी पाइप (गरम पाणी चालणारा प्लास्टिकचा पाइप) मात्र वर्षानुवर्षं उन्हात उघडा पडून असतो. हा पाइप 93 अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यासाठी बनवलेला असला, तरी अतिनील किरणांपुढे टिकत नाही. आधी रंग उडतो, मग वरचा थर ठिसूळ होतो. पाण्याचा दाब तो पुढेही पेलतो, पण कुणाचा पाय पडला किंवा माकडाने उडी मारली की तडकतो.

सर्वांत स्वस्त उपाय रंगाचा, आणि माझ्या मते तो उगाच दुर्लक्षिला जातो. पाइप साबणाच्या पाण्याने पुसायचा आणि बाहेरच्या भिंतीचा पाण्यात मिसळणारा पांढरा अॅक्रिलिक रंग दोन हात द्यायचा. ऑइलपेंट अजिबात नको, त्यातलं थिनर सीपीव्हीसीला बाधतं. गार पाण्याचा पाइप आणि टाकीवरचा हवेचा पाइप यांना एवढं पुरे. गरम पाण्याची उष्णता मात्र रंगाने धरून ठेवली जात नाही.

त्यासाठी प्लंबर बहुधा पांढरा फोम चढवतो. तो नुसताच उन्हात ठेवला तर पैसे वाया: त्याचाच भुगा होतो आणि गच्चीच्या जाळीत अडकतो. काळं नायट्रिल रबर उष्णता चांगली धरतं, पण तेही उन्हाने चिरतं. रबरावर अॅल्युमिनियम फॉइलची टेप लावली तर काम भागतं, फक्त टेप सुटेल तिथे पुन्हा लावत राहावी लागते.

रबर आणि वर अॅल्युमिनियमचा पत्रा हा महाग पण टिकाऊ मार्ग. पत्र्याचा सांधा खालच्या बाजूला हवा, नाहीतर पावसाचं पाणी आत साचतं. क्लॅम्पही घट्ट आवळू नयेत. तापमान 50 अंशांनी वाढलं की 3 मीटर सीपीव्हीसी सुमारे 1 सेंटिमीटर लांबतो.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका. रात्रभर पाइपात राहिलेलं पाणी कोणत्याही आवरणात सकाळपर्यंत बरंच गार होतं. फायदा दिसतो तो घरात पाठोपाठ आंघोळी चालू असताना, दोन आंघोळींच्या मधल्या वेळेत.

टाकीपासून डक्टपर्यंतचं (पाइप खाली नेणाऱ्या इमारतीतल्या पोकळीपर्यंतचं) अंतर दोन-तीन मीटर असेल तर मी रबर आणि फॉइल टेप निवडेन. गच्चीभर फिरलेल्या लाइनीला पत्राच. पाइप आधीच पांढुरका, ठिसूळ झाला असेल तर तो बदलून मगच आवरणावर खर्च करा.