टोमॅटोच्या पॉलिहाऊससाठी ट्रायकोकार्ड घेण्याआधी

टुटा, म्हणजे टोमॅटोची पानं पोखरणारी अळी, २०१४ मध्ये महाराष्ट्रात आली, तेव्हापासून टोमॅटोवाल्यांना फवारणीची उसंत नाही. अळी पानाच्या पापुद्र्यात शिरली की औषध तिथवर नीट पोचत नाही. ट्रायकोकार्ड, म्हणजे ट्रायकोग्रामा या इवल्याशा गांधीलमाशीचं कार्ड, त्याआधीच, अंड्यातच तिला गाठतं: ही माशी टुटाच्या अंड्यात आपलं अंडं घालते. म्हणून आम्ही ते मनापासून सुचवतो. फक्त घेताना डोळे उघडे ठेवा.

एका कार्डावर खसखशीहून बारीक अशी सुमारे २०,००० अंडी चिकटवलेली असतात; ती दुसऱ्या एका पतंगाची, आणि आत हा मित्रकीटक वाढत असतो. भिंगाखाली ती काळी दिसली पाहिजेत. पांढुरकी जास्त असतील तर मित्रकीटक नीट बसलेला नाही. काळ्या अंड्याला बारीक भोक दिसलं, तर गांधीलमाशी आधीच उडून गेली आहे आणि तुम्ही नुसता कागद विकत घेताय! दुकानाच्या काउंटरवर उन्हात पडलेलं कार्ड घेऊच नका. माशी बाहेर पडण्याची तारीख छापलेली नसेल तर तेही नको.

दुसरी गोष्ट ट्रायकोग्रामाच्या जातीची. बाजारात सहज मिळतं ते बहुतेक किलोनिस, उसाच्या खोडकिडीसाठीचं. टोमॅटोला प्रिटिओसम किंवा अकेई मागा. पानावरच्या चिकट लवेमुळे या इवल्या जिवाला आधीच चालणं जड जातं, त्यात चुकीची जात नको.

हेक्टरी १ लाख अंड्यांच्या हिशोबाने १० गुंठ्यांना अर्धं कार्ड पुरतं. त्याच्या २० पट्ट्या करा, अंड्यांवर बोट घासू देऊ नका. साधारण ७ मीटरवर एक, पानाच्या खालच्या बाजूला, संध्याकाळी स्टेपल करा. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर ओढणाऱ्या) टुटाचे पहिले पतंग दिसले की सुरुवात करायची आणि दर आठवड्याला, निदान ६ वेळा लावायचं. टुटाचं अंडं चार-पाच दिवसांत फुटतं, त्यामुळे एक आठवडा चुकला की त्या अळ्या सुटल्याच.

फसतं कुठे? मुंग्या रात्रीत पट्टी साफ करतात, म्हणून जमिनीलगत लावू नका. पिवळ्या चिकट सापळ्याशेजारीही नको. लावण्याआधी आणि नंतर आठवडाभर कीटकनाशक बंद, गंधकही बंद. बुरशीनाशकच आहे म्हणून गंधक मारणारे इथेच मार खातात. दुपारी पॉलिहाऊस ४० अंशांवर जात असेल तर आधी हवा खेळती करा.

पांढरी माशी आणि फुलकिड्यांवर याचा काहीही उपयोग नाही. विक्रेता तसं सांगत असेल तर दुकान बदला.